सदर हौद भरल्याबाबत

नाव: गल्लीत "गाळणीबाई" म्हणून ओळख. वय: ५४ वर्षे. धंदा: लाँड्री. राहणार: लाँड्रीच्याच वरचा मजला, चढाची गल्ली, शेवटचे घर.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती (पूर्वी बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवत, आता घरीच वाजवतात) व माझे धाकटे दीर असे एकत्र राहतो. मी पतीस हौदात बुडवून मारण्याचा प्रयत्न केला, अशी तक्रार दिरांनी आज दिली. ती मला वाचून दाखवली. त्यातील पती आणि हौद एवढेच खरे आहे.

यंदा उन्हाळ्यात नळाला पाणी आधी दिवसाआड, नंतर त्याच्या मर्जीने येऊ लागले. टँकर आमचा चढ चढत नाही. गिऱ्हाइकांचे कपडे न धुता नुसती इस्त्री फिरवून देण्याची पाळी आली. एका वकीलबाईंनी कोट हुंगून परत केला. म्हणून मी छपराचे पाणी साठवायला मागच्या अंगणात जमिनीत दोन पुरुष खोल हौद बांधून घेतला. छपराच्या कडेला पन्हळ, पन्हळीला जाळी, तिथून पाइप, आणि पाइपाच्या वाटेत वाळू-खडीची गाळणी, असे काम आहे. या गाळणीबद्दल मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. त्यावरून वरील नाव पडले.

पतींचा या कामाला विरोध होता. "आभाळाच्या भरवशावर कोणी हौद बांधतं का? चार थेंब येतील, त्यात तुझा रुमालसुद्धा भिजायचा नाही," असे ते पाहुण्यांसमोरही बोलत. मात्र कोरड्या हौदात क्लॅरोनेट छान घुमते हे कळल्यावर ते खुर्ची घेऊन रोज दुपारी त्यात उतरू लागले.

आज दुपारी आभाळ भरून आले. मी वरून म्हटले, "अहो, बाहेर या, पाऊस येतोय." ते म्हणाले, "येऊ दे. आला तरी पाय ओले होण्यापलीकडे काय व्हायचंय?"

पाऊस आला. जाळी पाल्याने तुंबली आणि पन्हळीतले पाणी अंगणभर सांडू लागले. आमच्याकडे शिडी एकच, ती हौदात. "शिडी नेऊ का?" असे मी विचारले. "ने, मला काय करायचीय!" असे उत्तर मिळाले. हे उत्तर दिरांच्या तक्रारीत नाही.

मी शिडीवर चढून जाळी साफ केली. खाली उतरते तोच शिडी वाऱ्याने भिंतीपलीकडे, शेजारच्या आवारात पडली. शेजारी परगावी, फाटकाला कुलूप. जाळी मोकळी झाल्याने पाणी धो धो हौदात जाऊ लागले, हे मला मान्य आहे. त्यासाठीच ती साफ केली होती.

थोड्या वेळाने वाजवणे थांबले. पतींनी हाक मारली नाही. हाक मारणे म्हणजे हौद भरतो हे कबूल करणे. पाणी कमरेला लागल्यावर त्यांनी आतून "किती वाजले गं?" एवढेच विचारले.

तेव्हा मी घाबरले. पाइपाची चावी फिरवली की पाणी गटारात जाते. मी चावीवर हात ठेवून ओरडले, "अहो, बंद करते!"

"खबरदार!" आतून आवाज घुमला. "एवढं काचेसारखं पाणी गटारात घालवतेस? अजून पुष्कळ जागा आहे!"

हा आवाज ऐकून दीर धावत आले. "वहिनी, दादा बुडतोय आणि तू पाणी कसलं भरतेस?" असे ओरडून ते इकडे ठाण्यावर पळाले. शिडी आणायला पळाले असते तर बरे झाले असते.

मी साबणाचे रिकामे पिंप दोरीला बांधून आत सोडले. पतींनी क्लॅरोनेट डोक्यावर धरले व दुसऱ्या हाताने पिंपाला मिठी मारली. त्यांना पोहता येत नाही. ओढून काढण्याची ताकद माझ्यात नव्हती, पाण्यात होती, म्हणून चावी फिरवली नाही, पाणी हौदातच येऊ दिले. दोरी मी सोडली नाही. हात सोलले आहेत, ते आपण पाहिलेच.

हवालदार पोचले तोवर पाण्याने पतींना पिंपासह हौदाच्या तोंडाशी आणले होते. हवालदारांनी काखेत हात घालून त्यांना बाहेर घेतले. खुर्चीही वर आली.

बाहेर आल्यावर पती माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "तुझं बरोबर होतं." हे वाक्य मी संसारात प्रथमच ऐकले. हवालदार तेव्हा टोपी पिळत होते, त्यामुळे साक्षीदार नाही. ठाण्यात आल्यापासून पती "मी असं काही बोललोच नाही" असे म्हणत आहेत. सबब ते वाक्य जबाबात जसेच्या तसे घ्यावे, ही विनंती. दिरांबद्दल माझी तक्रार नाही. भावासाठी रडून त्यांचा घसा बसला आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला. बाकावर बसलेल्या पतींना नीट ऐकू जावा म्हणून मी तो पुन्हा, मोठ्याने वाचायला लावला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे. पतींनी हरकत घेतली नाही. ते फक्त खोकले.