हिरव्या पिशवीतला पोंक

नाही मावशी, ती हिरवी पिशवी सोडा – बाकी काय पाहिजे ते घ्या. हे खमण घ्या, सकाळी सुरतेहून निघाले तेव्हा गरम होतं, अक्कलकुव्यापर्यंत येऊन तेही दमलंय. तुमची तळोद्याची गाडी कुठे आलीय, आणि माझी मोलगीची जीप – चौदा माणसं कोंबल्याशिवाय ड्रायव्हरचा चहा संपत नाही. मी? सुरतेला लॅबमध्ये आहे, नंदुरबारला बी.एस्सी. केलं. आठवडाभर लोकांचं रक्त तपासते आणि रविवारी खाते. खरंच, दुसरं काही करत नाही. मी आणि रिना, माझी खोलीतली मैत्रीण – एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर. लोचो खाल्लाय का कधी? दिसतो बिघडलेल्या खमणासारखा, पण वर तेल, शेव, कांदा पडला की माणूस दुसरी प्लेट मागतो. मग रांदेरची आलूपुरी – रुपयाएवढ्या पुऱ्या, तिखटानं कान गरम होतात. घरचे म्हणतात बाहेरचं खाऊ नको. मी म्हणते, मी राहतेच बाहेर.

त्या पिशवीत ना, पोंक आहे. आपला हुरडाच हो, थंडीत नदीकाठी मांडव घालून विकतात, लिंबू-मिरीची शेव टाकून. नाही, चिमूटभरही नाही – अहो, तुम्हाला द्यायचा नाही असं नाही, ऐका. आमच्याकडे नवाई झाल्याशिवाय नवं धान्य तोंडात घालत नाहीत. आधी देवाला, मग घरच्यांना, आणि घरचं एकूण एक माणूस हजर पाहिजे. त्यात माझा बा, भीमसिंग, गावाची पूजा तोच करतो, म्हणजे आम्हाला सूट नाही. मी म्हटलं, बा, ही ज्वारी गुजरातची, तुझ्या देवाची हद्द नाक्यापलीकडे जाते का? तर म्हणतो, ज्वारी ती ज्वारी. आता बोला.

मागच्या वर्षी नवाईला मी गेलेच नाही. सुट्टी मिळाली नाही – म्हणजे मागितली नाही. फोनवर म्हटलं, उरकून घ्या, देवाला माझं नाव सांगा. वाटलं उरकली. होळीला घरी आले तर आई सांगते, सगळ्यांना वाढली नवी भाकरी, बा मात्र तीन महिने रेशनच्या तांदळावर. मी पोचले त्या दिवशी पहिली भाकरी मोडली त्यानं. ‘एक माणूस कमी होतं,’ एवढंच. याला काय म्हणायचं? हट्ट. मी इतकी भांडले, इतकी भांडले – तेव्हापासून फोन नाही त्याचा. उद्या नवाई आहे तेही चुलतभावाकडून कळलं.

म्हणून तर घेतलाय पोंक. उद्या पूजेआधी त्याच्यासमोर मूठभर खाणार, म्हणणार, बघ, काय झालं? – सुरतेत? सुरतेत नाही खाल्ला. वेळ नव्हता. पोंक सुरू होऊन सहा रविवार झाले, हो. पोंकवडेसुद्धा रिनानं खाल्ले, मी नुसती चटणी चाटली. बशी पुढे होती, पण – हसताय काय मावशी, मी काही मानत नाही हे.

तो बघा, उठला ड्रायव्हर. खमण राहू द्या तुमच्याकडे. आणि – ही पिशवीपण न्या. घ्या हो. पण इथे उघडू नका, माझी जीप जाऊ द्या आधी. वास येतो.