पैकीच्या पैकी मार्क

सहा बोटांचा लेक याच इस्पितळात गेला, तेव्हापासून आईची झोप उडाली ती उडालीच. आज गोळ्यांच्या रांगेत तिच्या मागे इथल्याच बायोबँकेतल्या, पेशी साठवणाऱ्या विभागातल्या, दोघी उभ्या होत्या.

“ऑनलाइन ट्रेनिंग कसं वाटलं, विचारतायत. काय लिहू?”

“छान लिही नि मोकळी हो. मार्क किती पडले?”

“पैकीच्या पैकी! ‘मेलेल्याच्या पेशी वाढवण्याआधी घरच्यांना विचाराल का?’ मी ठोकून दिलं, ‘हो’.”

“आणि आपल्या सहाबोट्याच्या घरी विचारलंस?”

“छे गं! कोण शोधत बसणार त्यांना?”

“अजून जिवंत आहेत त्याच्या पेशी?”

“जिवंत? नुसत्या वाढतायत! कालच मोठ्या बाटलीत घातल्या.”

आई मागे वळली.

“केवढा झालाय गं तो आता?”