पिएरिनोची वामकुक्षी

—नाही, मागे घेणार नाही! सकाळीच सगळं पाठवून दिलंय, प्रोफेसर मेलिस — शोधनिबंध छापणाऱ्यांनाही आणि औषध कंपनीलाही. बसा ना. माझ्या खोलीत पहिल्यांदाच पाऊल पडलं तुमचं. एरवी या तळमजल्यावर कोण येतंय? इथे फक्त कॉम्प्युटर आणि मी, गाविना. कॉफी? नको? मी घेते. आज मला ती फार गोड लागतेय.

काय तो तुमचा शोध! आमच्या डोंगरातल्या माणसांचे सांधे का सुजतात — तर म्हणे एक जनुक भडकतं. जवळजवळ सगळ्या रोग्यांच्या रक्तात भडकलेलं, सगळ्या निरोग्यांच्या रक्तात थंड. अहो, इतकं स्वच्छ उत्तर बघूनच मला शंका आली. मग मी काय केलं? तेच आकडे घेतले, पण रोगी कोण, निरोगी कोण ते बाजूला ठेवलं आणि रक्त इथवर कसं आलं त्याप्रमाणे आलेखातल्या ठिपक्यांना रंग दिले. निरोगी म्हणजे कोण? तुमचेच विद्यार्थी, शेजारच्या खोलीत दंड पुढे करून बसलेले — रक्त काढलं की लगेच बर्फात. आणि रोग्यांचं? आमच्या गावाहून, पिएरिनोच्या बसमधून. पिएरिनो वाटेत सासूकडे जेवतो हे अख्ख्या खोऱ्याला ठाऊक आहे. मटण, बटाटे, वर वाइन, मग डुलकी. आणि नळ्या? बसमध्ये, पुढच्या काचेपाशी, उन्हात! रक्त असं ताटकळलं की त्यातल्या पेशी बिथरतात, सूज असल्यासारख्या वागतात. संपात बस बंद होती तेव्हा गावच्या डॉक्टरांनी स्वतःच्या गाडीतून, बर्फात घालून नमुने आणले — ते रोगीच होते ना? पण त्यांच्या रक्तातलं जनुक थंड, तुमच्या विद्यार्थ्यांइतकं थंड. तुम्ही रोगाचं जनुक नाही शोधलंत, पिएरिनोची वामकुक्षी शोधलीत!

सांगितलं का नाही? सांगितलं होतं की, तेव्हाच, भर बैठकीत. तुम्ही काय म्हणालात आठवतंय? "गाविना, तू आकड्यांची धुणीभांडी कर, रक्तातलं आम्हाला कळतं." सगळे खो खो हसले. आणि निबंध छापून आला तर माझं नाव गायब — एवढं गणित जणू आपोआपच झालं! मग मी गप्प बसले. मुद्दाम. चढू दिलं तुम्हाला — मुलाखती झाल्या, ते जनुक दाबणारं औषध निघालं, गावात चाचणी सुरू झाली. आणि उद्या तुमचा रोमला सत्कार, म्हणून आज पाठवलं. विज्ञानासाठी केलं असं म्हणणार नाही मी. सूड घेतला, आणि घेताना मजा आली. फार मजा आली.

काय म्हणालात? बोनारिया? माझ्या बहिणीचं नाव काढू नका इथे. हो, आहे ती चाचणीत. तिला अडवलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं — आणि ती पोटात काही ठेवत नाही, तुम्ही सावध झाला असता — ते जाऊ द्या.

बरं वाटतंय तिला, मला माहीत आहे. त्यानं तुमचा शोध खरा ठरत नाही! औषध कधी भलत्याच कारणानं लागू पडतं, किंवा नुसतं मनाचं समाधान असेल, किंवा — रविवारी कुलुर्जोनेस केले तिने. कित्येक वर्षांनी. बटाट्याचं सारण भरून कडा चिमटत चिमटत बंद करायच्या असतात, आखडलेल्या बोटांना नाही जमत ते. मला हाका मारत होती, "बघ गं, बघ, एकही फुटला नाही!" मी खाल्ले. पोटभर खाल्ले. आणि आज सकाळी पाठवलंच.

सोमवारपासून चाचणी बंद — होणारच ना! मला काय कळत नव्हतं? कळत होतं. उठा आता. इतका वेळ तुमचं पडलेलं तोंड बघायला बरं वाटत होतं, आता नाही वाटत. निघा.

थांबा. तिच्याकडे उरलेल्या गोळ्या — त्या परत मागून घ्याल का हो तुम्ही?

नको. सांगू नका. जा.