काखेत कोळसा

(सोनिवलीतल्या टॉवरचा अकरावा मजला. थंडीतली सकाळ. बनूबाई बारवीकडच्या गावातून सुनेच्या, सोनियाच्या बाळंतपणाला आलेल्या. मुलगा विनीत धापा टाकत दारातून आत येतो.)

बनूबाई : हे काय आनलास रं?

विनीत : कोळसा! आठ दिवस तुझा एकच जप, शेगडीला कोळसा, शेगडीला कोळसा. घे. थेट कंपनीच्या बॉयलरचा माल. लिफ्ट बंद, अकरा मजले चढून आणलाय.

बनूबाई : आरं, यो दगडी! शेगडीला लाकडाचा लागतो. तुला पोर शेकायचाय का इंजान चालवायचाय?

विनीत : कोळसा म्हणजे कोळसा, आये.

सोनिया : बोललं कोण? अंबरनाथच्या फॅक्टरीचे कोळसा-खरेदी अधिकारी!

विनीत : तू गप. तुला तर धुरीच नको होती.

सोनिया : अजूनही नकोच. डॉक्टरांनी बाळाजवळ धूर नको म्हणून सांगितलंय. म्हणून तर हीटर घेतला.

बनूबाई : मग लाव की तुजा हीटर. न्हाऊन झालाय, पाय गार पडलेत पोराचे.

सोनिया : लाईट गेलीय ना, आई.

बनूबाई : का गेली?

विनीत : मेसेज आलाय. कोळसा कमी पडला म्हणे.

बनूबाई : आपल्या देशात कोळसा नाय?

विनीत : चिक्कार आहे! चंद्रपूरकडे जमिनीखाली थरच्या थर. जगात पहिल्या पाचात आहोत आपण.

सोनिया : काखेत कोळसा नि गावाला वळसा.

बनूबाई : वा! बाळा, तुजा देश लय श्रीमंत हाय हां. पाय तेवढे पोटाशी घे.

विनीत : वेळ लागतो गं. खाणीतून रेल्वेत, रेल्वेतून प्लांटला...

बनूबाई : तवर हा शाळेत जाईल. ऱ्हाऊ दे, कोळसा उगाळावा तितका काळाच. मी निघते. पिशवी भरून दारात ठेवलीय.

विनीत : आये, रुसतेस काय?

बनूबाई : रुसत नाय रं. आधीची चारी नातवंडं या हातांनी शेकली. शेगडीच नको, तं शेकनारी कशाला?

सोनिया : आई, याला घ्या जरा.

बनूबाई : हीटराला दे.

सोनिया : घ्या हो. शेकताना तळवे तापवून पायांना लावता ना तुम्ही?

बनूबाई : हां. पन निखारा कुठाय?

सोनिया : नुसते चोळून लावा. काल माझी पाठ चोळलीत, तेव्हा कुठे होता निखारा? किती बरं वाटलं मला.

बनूबाई : ...आन इकडं. ये रे माज्या राजा.

विनीत : अरे, झोपला की!

बनूबाई : हळू बोल. आन् माजी पिशवी आत घे दारातली. कोनाच्या तरी पायात येईल.