लिखाण सुटू दे

(शिमगा, १९५७. रत्नागिरीजवळचं एक गाव. ग्रामदेवतेची पालखी परशुराम पाध्ये यांच्या अंगणातून नुकतीच शेजारी आप्पांकडे गेली आहे. ढोल ऐकू येतो. परशुराम, पेशानं मास्तर आणि हौसेनं नाटककार, माजघरात भिंतीकडे तोंड करून निजलेले. त्यांची बायको हेमा आणि बालमित्र गफूर, बोटीवरचा खलाशी, बोलत बोलत आत येतात.)

हेमा: ...आणि तुम्ही तेव्हा तोंडातून शब्द काढला नाहीत?

गफूर: काढला की, वहिनी. सगळे 'होय महाराजा' म्हणाले, मीही म्हणालो.

हेमा: सगळ्यांत मोठ्यानं तुम्ही म्हणालात.

गफूर: बोटीवरची सवय. हळू बोललेलं वारा घेऊन जातो.

परशुराम: काय झालं?

हेमा: काही नाही. तुम्ही निजा.

परशुराम: निजलेलाच आहे. याहून जास्त निजता येत नाही.

गफूर: परश्या, गाऱ्हाण्यात एक शब्द जरा इकडचा तिकडे झाला.

परशुराम: कुणाच्या गाऱ्हाण्यात?

हेमा: तुमच्या. काय करू मग? मागच्या हनुमानजयंतीपासून लिहिणं बंद, दिवाळीपासून उठणं बंद. शाळेची रजा संपत आली. डॉक्टरांचं टॉनिक झालं...

परशुराम: टॉनिक तू प्यायलीस.

हेमा: तुम्ही पिईनात. उघडलेली बाटली टाकून द्यायची? मला मेली आता दोन्ही वेळा दुप्पट भूक लागते, ते कुणाला सांगू? आप्पांचंही ऐकून झालं.

परशुराम: आप्पा म्हणाले, आंबा एक साल धरतो, एक साल धरत नाही, तसंच लेखकाचं. मी विचारलं, धरलाच नाही तर? म्हणाले, कलम बदलायचं. हिनं नवीन पेन आणलं.

हेमा: कलम म्हणाले ते. झाडाबद्दल बोलतायत हे मला काय ठाऊक?

गफूर: चांगलं पेन आहे पण. मी त्यानंच घरी पत्रं लिहितो.

हेमा: म्हणून म्हटलं, पालखी दारात येतेच आहे, देवाला सांगून बघू. पण अंगणात अख्खी वाडी जमलेली. आमचे हे नुसते पडून असतात, खात नाहीत, बोलत नाहीत, असं कसं सांगायचं सगळ्यांदेखत? म्हणून भावजींना म्हटलं, काशीराम गुरवाच्या कानात तुम्ही सांगा. यांचं लिखाण अडलंय, ते सुटू दे म्हणावं.

गफूर: मी तेच सांगितलं. 'अडलंय' एवढं ढोलात गेलं असावं. 'लिखाण सुटू दे' हे पोचलं.

परशुराम: मग काशीराम काय म्हणाला?

हेमा: जाऊ दे ना ते.

परशुराम: गफूर.

गफूर: म्हणाला, "हे चारी शिवेच्या राखणदारा महाराजा, हा जो तुझा परशुराम, याच्या मागे जी काय लिखाणाची पीडा लागलेली आहे, ती आज तुझ्या पायाशी सुटू दे. पुन्हा हाताला लागू देऊ नको. आणि याच्या संगतीला जे कोण असतील, त्यांचीही सुटू दे." होय महाराजा.

परशुराम: संगतीला कोण?

गफूर: माझ्याकडे बघून म्हणाला.

हेमा: दारूचं गाऱ्हाणं आहे ते. दर शिमग्याला कुणाच्या ना कुणाच्या दारात घालतो, त्याला पाठच आहे. दारूच्या जागी लिखाण घातलं आणि झाला मोकळा.

गफूर: माझं चुकलं नाही, वहिनी. मचवा चिखलात रुतला, भरती आली, की आम्ही म्हणतो सुटला. मुंबईची बोट सुटते. सुटणं म्हणजे निघणं. आता काशीरामच्या मुलुखात सुटणं म्हणजे बंद होणं, हे मला काय माहीत?

परशुराम: काशीरामनं बरोबर केलं.

हेमा: काय बरोबर?

परशुराम: अख्खा गाव एका आवाजात म्हणाला. एखाद्या लेखकाविषयी एवढं एकमत झाल्याचं माझ्या वाचनात नाही. हेमा, न्हाणीच्या चुलीला सुकं लाकूड उरलं नाही म्हणत होतीस. माळ्यावर ट्रंकेत माझी सगळी नाटकं आहेत. उद्यापासून पाणी त्यावर तापव.

गफूर: कागदावर पाणी तापत नाही, परश्या. नुसता धूर होतो.

परशुराम: नाट्यस्पर्धेच्या परीक्षकांचं मतही जवळपास हेच होतं.

हेमा: हसू नका, भावजी. परवा यांनी कपाट आवरलं. काल शाळेची पुस्तकं शाळेत पोचती केली. तुमचा कंदीलही परत पाठवला ना?

गफूर: पाठवला. मला वाटलं, परश्या सुधारला.

हेमा: एवढ्या संसारात यांनी पाणी प्यायलेला पेला कधी जागेवर ठेवला नाही. आता सगळं जागच्या जागी ठेवायला लागलेत. मला ते आवडत नाही. मी रात्र रात्र जागी असते.

गफूर: परश्या?

परशुराम: नुसतं आवरत होतो.

गफूर: इकडे तोंड कर आणि सांग.

परशुराम: ...आवरून झाल्यावर काय, ते ठरवलं नव्हतं.

गफूर: मग ठरवू नको. मी इथे बसतो. माझी बोट पावसाळ्यानंतर आहे.

परशुराम: इथे बसून काय करणार?

गफूर: काही नाही. तू पड, मी बसतो. पडून राहणाऱ्या माणसाजवळ कुणीतरी बसलेलं असावं. वहिनी, तुम्हीही बसा जरा.

परशुराम: तुम्हा दोघांना उगाच त्रास. मला काही दुखत नाही, खुपत नाही. रडूसुद्धा येत नाही. आलं असतं तर निदान त्यावर काही लिहिलं असतं. पण रडण्याचा विषय काढायलाही आता तोंड उरलं नाही. हनुमानजयंतीला काय झालं आठवतंय ना?

गफूर: रामा सुतार मेला.

परशुराम: माझा नायक मेला. रामानं त्याचं काम केलं होतं. तिसऱ्या अंकात, बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून. तो प्रवेश लिहिताना मी स्वतः रडलो होतो. आणि लोकांनी वन्समोअर दिला.

हेमा: रामा मेला मात्र छान.

परशुराम: म्हणूनच तो उठला, प्रेक्षकांना नमस्कार केला आणि पुन्हा मेला.

गफूर: दुसऱ्या खेपेला जास्त सावकाश मेला.

परशुराम: बायकोचं काम करणाऱ्या पोराला हसू आवरेना. त्याची मांडी हलायला लागली, त्याबरोबर प्रेतही हललं. गफूर, पदाला वन्समोअर देतात. मरणाला देत नाहीत.

गफूर: आवडलं म्हणून मागितला ना? नसतं आवडलं तर एकदाच मरू दिलं असतं. तुला एक सांगायचं राहिलंय. ते नाटक मी बोटीवर सांगितलं.

परशुराम: कुणाला?

गफूर: बसऱ्याच्या वाटेवर, एंजिनातल्या पोरांना. कुणी चाटगावचा, कुणी गोव्याचा, आणि आमचा वेळणेश्वरचा स्वयंपाकी. रोज काम आटपलं की थोडं थोडं. तिसरा अंक आला आणि मला काही मारवेना. पोरं घरापासून लांब, त्यात समुद्र खवळलेला. मी तुझ्या नायकाला जिवंत ठेवला.

परशुराम: माझ्या शोकांतिकेत?

गफूर: तू काय बोटीवर येणार होतास बघायला?

परशुराम: तो जगला तर सगळं नाटकच कोसळतं. मग पुढे काय झालं त्याचं?

गफूर: स्वयंपाक्यानंही हेच विचारलं. म्हणाला, जगला ते बरं झालं, पण आता हा करतो काय? मी म्हटलं, लिहिणारा माझा दोस्त आहे, त्याला विचारून सांगतो.

परशुराम: मला माहीत नाही.

गफूर: घाई नाही. त्याला सांगितलंय, दोस्त आजारी आहे, वेळ लागेल. तो म्हणाला, लागू दे.

हेमा: ढोल थांबला. आप्पांचं गाऱ्हाणं सुरू झालं वाटतं.

गफूर: आप्पांचं लांबतं. आधी कुळकायदा, मग मोहोरावरचा तुडतुडा, मग चुलतभाऊ.

हेमा: पण तिथून पालखी उठली की थेट सहाणेच्या चौथऱ्यावर. तिथे ती बसली की यंदाची गाऱ्हाणी संपली. मग वर्षभर देवाच्या कानात हेच राहायचं, परशुरामाचं लिखाण सोडव म्हणून. मला नाही चालायचं. भावजी, चला, दुरुस्त करून घेऊ. काय सांगायचं काशीरामला?

गफूर: 'लिखाण चालू होऊ दे.'

परशुराम: चालू व्हायला ते काय रहाट आहे?

हेमा: बरं, 'लिखाण येऊ दे.'

परशुराम: येतो तो खोकला.

गफूर: 'लिखाणाला बरकत दे.'

परशुराम: काशीराम लगेच दुकानाचं गाऱ्हाणं घालील. मापात खोट येऊ देऊ नको, गिऱ्हाईक तुटू देऊ नको.

हेमा: मग 'पूर्वीसारखं होऊ दे' म्हणते.

परशुराम: पूर्वीचं तू बघितलंयस ना?

हेमा: पहिल्या रांगेत बसून बघितलंय. मी वन्समोअर दिला नव्हता.

परशुराम: तू काय करत होतीस?

हेमा: डोळे पुसत होते. तुम्ही मागच्या हसणाऱ्यांकडे बघत होतात.

परशुराम: मला सांगितलं नाहीस कधी.

हेमा: तुम्ही विचारलं नाहीत. भिंतीला विचारत होतात.

गफूर: आप्पा तुडतुड्यावर आले. काय ते लवकर ठरवा.

हेमा: अहो, सांगा ना. तुम्हाला काय हवं ते सांगा. शब्द तुम्हाला येतात, आम्हाला येत नाहीत, हे मघाशी दिसलंच.

परशुराम: लिखाण राहू दे.

हेमा: राहू दे म्हणजे? असू दे, की नको?

परशुराम: म्हणजे गाऱ्हाण्यात त्याचं नावच नको. सकाळी जाग आली की मला वाटतं, कशाला आली. तेवढं वाटायचं थांबू दे. चहा चहासारखा लागू दे. कुणी हाक मारली तर ओ द्यावीशी वाटू दे. त्यानंतरचं मी बघेन.

गफूर: ऐकलंत, वहिनी?

हेमा: ऐकलं.

परशुराम: काय झालं? वाईट आहे का?

गफूर: नाही. चांगलं आहे. मी जातो, जसंच्या तसं सांगतो.

परशुराम: तू नको. तू सांगितलंस तर तिथे पोचेपर्यंत मी बसऱ्याला लागलेला असेन.

हेमा: मग मी सांगते.

परशुराम: तुला लाज वाटत होती ना?

हेमा: वाटत होती. आता ऐकल्यावर नाही वाटत.

परशुराम: तरी काशीरामला हे पाठ नाही. चहाच्या जागी तो काय घालील याचा नेम नाही. त्याच्याशेजारी उभं राहून एकेक शब्द सांगायला हवा.

गफूर: कोण उभं राहणार?

परशुराम: ज्याचं गाऱ्हाणं आहे त्यानंच राहावं लागेल. दुसऱ्या कुणाला त्याच्या चुका कळणार नाहीत.

गफूर: आप्पांचा आवाज चढला. चुलतभाऊ आला.

परशुराम: हेमा, सदरा दे. हा नको, धुतलेला. वहाणा कुठे आहेत? ...आणि ही दाढी बघ. अख्खी वाडी असेल तिथे. लोक काय म्हणतील? असं कर, आज तुम्ही दोघं जा, पुढच्या वर्षी नीट तयार होऊन मी...

हेमा: असू दे दाढी. आहात तसे चला.