दादाच्या समोरची खुर्ची

चहा येईपर्यंत माझ्या थोरल्या भावाचं सांगतो. एकाहत्तरच्या लढाईत दादाच्या कण्यात गोळी लागली आणि दोन्ही पाय गेल्यातच जमा झाले. लष्कराच्या इस्पितळात तो चाकाच्या खुर्चीत बसून तलवारबाजी शिकला आणि परदेशातल्या सामन्यांतून रौप्यपदक घेऊनच शुक्रवार पेठेतल्या घरी आला.

आमचे आबा जुने पैलवान. पदक हातात घेऊन ते हळूच म्हणाले, "बसून कसली रं लढाई?"

दादानं त्यांना समोर खुर्चीत बसवलं, एक काठी त्यांच्या हातात दिली, एक स्वतः घेतली. आबांनी हात उचलायच्या आत दादाची काठी त्यांच्या छातीला टेकली. पुन्हा तेच. आबा खुर्ची मागं सरकवायला लागले.

"मागं सरता येत न्हाय, आबा. तितं सामन्यात दोघांच्याबी खुर्च्या जमिनीला जखडलेल्या असत्यात."

आबांनी खुर्ची पुन्हा जागेवर आणली. मग म्हणाले, "आखाड्यात मी लईदा मागं सरलोय."

तेवढ्यात शेजारचे काका आले आणि त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "पोराच्या पायाचं काय म्हणत्यात डॉक्टर?"

आबा छाती चोळत उठले. "पायाचं काय इचारता? बसा की त्याच्या समोर."