चेंडू आणायचं काम माझ्याकडे

...आणि वर बायको मलाच म्हणते, "अहो, साधा चेंडू आणायचाय, त्यात काय एवढं!" त्यात काय एवढं? तुम्हाला सांगतो, मुलीचं लग्न ठरवताना मी विचारले नसतील तेवढे प्रश्न त्या दुकानदाराने मला एका चेंडूसाठी विचारले! "हॉलमध्ये खेळणार की उघड्यावर? खाली सिमेंट की लाकूड? वारा असतो? थंडी पडते?" अरे बाबा, मी चेंडू विकत घ्यायला आलोय, दत्तक घ्यायला नाही! पण तो काही ऐकेना, आणि मागे रांग वाढत चाललेली.

पिकलबॉल माहितीय ना? नसेल तर सुखी आहात! बुटकी जाळी, फळकुटासारखी बॅट आणि भोकंभोकं असलेला प्लास्टिकचा चेंडू. हे खूळ आमच्या व्याह्यांनी आणलं, म्हणजे मुलीच्या सासऱ्यांनी. दर रविवारी एका बाजूला आम्ही नवरा-बायको, समोर व्याही आणि विहीणबाई. आणि दर रविवारी आम्ही हरतो. बायको माझी वाघीण आहे हो खेळायला, हरतो ते माझ्यामुळे! तर एका रविवारी हरल्यावर तिने सगळ्यांसमोर जाहीरच केलं, "आता पुन्हा हरलो ना, तर मी जोडीदार बदलणार." मी हसण्यावारी नेलं... पण खरं सांगू? मुलगी सासरी गेल्यापासून आम्ही दोघं मिळून करतो असं हे एकच काम उरलंय. बाकी ती टीव्ही बघते, आणि मी ती काय बघतेय ते बघतो.

म्हणून म्हटलं, चेंडू तरी चांगला आणू. मऊ, मोठ्या भोकांचा, दिसायला गोंडस. सरावाला गेलो मैदानावर, सुटला वारा! हिने मारला, तो जाळीपलीकडे गेला, तिथे थोडा विचार केला आणि परत आमच्याच अंगणात! व्याही लगेच घसा खाकरून, "अंऽऽ, मोठी भोकं हॉलमध्ये चालतात, बाहेर बारीक भोकांचा कडक चेंडू लागतो." अहो, मग आधी सांगायचं! तर म्हणतात, "मला वाटलं, माहीत असेल तुम्हाला. त्यात काय एवढं!"

पुन्हा दुकान. पुन्हा तेच प्रश्न. कडक चेंडू आणले, तर नेमका पाऊस, म्हणून सराव हॉलमध्ये! गुळगुळीत लाकडी जमीन, टप्पा पडला की चेंडू सुर्रकन पायाखालून पसार, आणि मी मागे धावतोय, आणि फतकल मारून बसतोय! विहीणबाई पदर तोंडाला लावून हसतायत. बायको हसली नाही, हे मला जास्त लागलं.

रविवारी सामना बाहेरच, पण थंडी अशी की दात वाजतायत. दुकानदार म्हणालाच होता, "थंडीत कडक चेंडू तडकतो हं साहेब." मग मी डोकं चालवलं. जेवण गरम राहायचा डबा असतो ना घरात? त्यात उकळतं पाणी ओतलं, चेंडू सोडले, झाकण घट्ट! त्यात काय एवढं? स्वतःवर जाम खूश होतो मी.

मैदानावर डबा उघडला... चेंडू लांबट! कुठे पोचा, कुठे फुगवटा. दुसरे कुणाकडेच नाहीत, कारण चेंडू आणायचं काम माझ्याकडे! झालं, त्यावरच खेळलो. बायको नेम धरून मारणारी, तिची बॅट इकडे आणि चेंडू तिकडे. आणि व्याही? ते जन्मात नेम धरत नाहीत, डोळे मिटून दणका घालतात, त्यांचा प्रत्येक फटका बरोब्बर लागतोय! असे हरलो, असे हरलो की विचारू नका.

हिने काय करावं? बॅट पिशवीत घातली, चेन लावली आणि वळून म्हणाली, "व्याही, पुढच्या रविवारपासून आपण दोघं एका बाजूला." माणसाने निदान तोंडदेखलं तरी 'नको नको' म्हणावं! हे लगेच, "चालेल की!"

आता मी विहीणबाईंचा जोडीदार. पहिल्याच दिवशी त्यांनी मला कोपऱ्यात नेऊन उभं केलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही काही करू नका हं, मी बघते." आणि काय सांगू तुम्हाला... आम्ही जिंकतोय!